कोलू पाटलाची पाळ

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून दक्षिणेचा रस्ता धरला, की थोड्याच वेळात डोंगर जवळ येऊ लागतात. मधूनमधून धानाच्या बांध्या, धुऱ्यावर मोहाची झाडे, एखादी बोडी आणि तिच्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळे टाकणारा ढिवर. मग झाडी एकदम बाजूला सरते आणि समोर पाणीच पाणी दिसते. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा विस्तार, सत्तावीस किलोमीटरच्या आसपास परीघ, मध्ये मालडोंगरीचे बेट, भोवती सात टेकड्या. प्रथमच येणाऱ्याला हे सरोवर निसर्गानेच निर्माण केले असावे असे वाटते. हिवाळ्यात पक्षी पाहायला येणारी मंडळीही बहुधा त्याच समजुतीने परत जातात. पण गावाच्या नावात 'बांध' आहे, ते उगाच नाही. नवेगावबांधचा हा तलाव माणसांनी बांधलेला आहे, डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने बंद करून.

मुख्य कालव्याच्या डाव्या अंगाला एक लहानसे ठाणे आहे. तिथल्या देवाचे नाव कोलासूर. हा देव पुराणातला नाही. तो आपल्यासारखाच चिखलात पाय भरवणारा माणूस होता, कोहळी समाजाचा शेतकरी, गावचा पाटील. कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी त्याने हा तलाव बांधला असे परंपरा सांगते आणि सरकारी गॅझेटियरांनीही तसेच नोंदवले आहे. त्याचे चरित्र वाचायचे ते या पाळीवरून, पाटावरून आणि त्याच्या समाजाने जपलेल्या आठवणींवरून.

आज गोंदिया जिल्ह्यातून तरुण मुले नागपूर, पुणे, हैदराबादकडे जातात, तेव्हा गावोगावी हळहळ व्यक्त होते. गाव ओस पडते, शेती कोण करणार, हा प्रश्न पारावर चघळला जातो. तो खराच आहे. पण या मुलखाची शेती उभी राहिली तीही गाव सोडून आलेल्या माणसांच्या हातून, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कोलू पाटलाची गोष्ट त्यासाठी मुळापासून सांगायला हवी.

कोहळ्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज काशीकडचे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला. तिथली बागायत, पाणी खेळवण्याची कला त्याने पाहिली आणि परतताना तो ही माणसे बरोबर घेऊन आला. भंडाऱ्याकडचे कोहळी त्यात आणखी एक टप्पा सांगतात. त्यांची पहिली वसती लांजीला झाली, आजच्या बालाघाट जिल्ह्यात, आणि तिथून ते वैनगंगेच्या खोऱ्यात दक्षिणेकडे पसरले. रसेल आणि हिरालाल या दोघांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ही कथा दिली आहे, पण तिच्यावर पुरता विश्वास ठेवलेला नाही. कोहळ्यांची भाषा, आडनावे, चालीरीती कुणब्यांच्या इतक्या जवळच्या आहेत की ही माणसे उत्तरेची नसावीत असा त्यांचा तर्क होता. चांद्याच्या काही कोहळ्यांनी तर आपले पूर्वज दक्षिणेकडून आल्याचे सांगितले होते. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उत्तर असो की दक्षिण, आपण मूळचे इथले नाही, कुठून तरी आलो, यावर सर्वांचे एकमत आहे. १९११ च्या शिरगणतीत हा समाज अवघा सव्वीस हजारांच्या आसपास भरला होता. एवढ्याशा समाजाने एका अख्ख्या खोऱ्याचा चेहरा बदलला.

त्या काळाचे वारेही तसेच होते. कोलू पाटलाच्या थोडे आधी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर शहर वसवले आणि चहूकडून कसबी, कष्टाळू माणसे आपल्या राज्यात बोलावून घेतली. पोवारही साधारण याच सुमारास वैनगंगेच्या खोऱ्यात स्थिरावू लागले. जंगल अफाट होते आणि हात कमी होते. राजाला महसूल हवा होता, महसुलासाठी पीक हवे, पिकासाठी पाणी आणि पाण्यासाठी माणूस.

इथे एखाद्याला प्रश्न पडेल की झाडीपट्टीत पाण्याची वाण कसली? वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातला माणूस हे आकडे ऐकून हेवा करील. पण हा पाऊस बाराही महिन्यांचा नाही. मृगापासून हस्तापर्यंत चार महिन्यांत तो येतो आणि जातो. त्यातही त्याची लहर वेगळी. पुनर्वसू-पुष्यात धो धो कोसळतो, नाले रस्ते अडवतात आणि नंतर तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. धानाचे पीक असे आहे की त्याला पाणी पायाशी हवे, आणि सर्वांत जास्त हवे ते शेवटी, गर्भात असताना आणि निसवताना. भारी धान, म्हणजे उशिरा येणारे वाण, ऑक्टोबरात निसवते. नेमका तेव्हाच हस्ताचा पाऊस दगा देतो. चार महिने डोळ्यांत तेल घालून वाढवलेले हिरवेगार पीक दहा-पंधरा दिवसांत पोचट होऊन जाते. एका पाण्याने मेले, असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. जुलैचे वाहून जाणारे पाणी ऑक्टोबरपर्यंत कसे धरून ठेवायचे, एवढाच या मुलखाच्या शेतीचा प्रश्न होता. आजही तोच आहे.

चांद्याच्या गोंड राजवटीने त्यावर जो तोडगा काढला, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंपरेत त्याचे श्रेय हीरशहा या राजाला दिले जाते. जो जंगल साफ करील त्याला जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी जमीन. बस्स. ना कर्ज, ना अनुदान, ना तारण. मी आयुष्यभर बँकेत शेतीकर्जाची प्रकरणे हाताळली, योजनांची परिपत्रके वाचून डोळे थकले. पण इतकी सुटसुटीत आणि इतकी शहाणी योजना मला कुठल्या परिपत्रकात आढळली नाही. तलाव फुटला तर जमीन कोरडी आणि बक्षीस शून्य. तलाव जितका चांगला तितकी जमीन जास्त. बांधणारा आणि राखणारा वेगळा असण्याची सोयच त्यात नव्हती.

अशा वातावरणात कोलू पाटलाने ही जागा निवडली. गावाचे नावच नवेगाव, म्हणजे वसती नवीन. सात टेकड्यांच्या कुशीतला हा खोलगट भाग, त्यात चहूबाजूंनी उतरणारे ओढे आणि बाहेर पडायला डोंगरांमधल्या खिंडी. आज धरणाची जागा ठरवायची तर उंचीचे नकाशे लागतात, दुर्बिणी लागतात. कोहळ्यांचे सर्वेक्षण पावसात चालत असे. पाणी कुठून येते, कुठे घोटाळते, कुठून निसटते हे भर पावसात पायी फिरून पाहायचे, एक नव्हे, काही पावसाळे. जमिनीचा उतार डोळ्यांपेक्षा पाण्याला जास्त कळतो. माती कुठली चिकट, कुठली पाझरणारी, हे मुठीत दाबून कळते. अडवलेले पाणी किती दूर पसरेल आणि खालच्या बाजूला किती बांध्यांना पुरेल, याचा अंदाज चुकला तर अख्ख्या गावाची काही वर्षांची मेहनत वाया.

मग पाळ. खणायचे थोडे, चढवायचे फार. डोक्यावर टोपली, टोपलीत माती. थरावर थर द्यायचा, त्यावर पाणी मारायचे, गुरे आणि माणसे फिरवून तो तुडवायचा, तो बसला की पुढचा थर. पाण्याच्या अंगाला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगड रचायचे. पावसाळा आला की काम थांबायचे आणि जेवढी पाळ झाली तेवढी टिकते का, हे जीव मुठीत धरून पाहायचे. उन्हाळा आला की पुन्हा टोपल्या. नवेगावच्या पाळीवर उभे राहिले की मला आधी त्या टोपल्या आठवतात.

त्या टोपल्या वाहणारे सगळे कोहळी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. या डोंगरांत गोंड आधीपासून होते. जमीन त्यांच्या पायाखालची, जंगल त्यांच्या देवांचे. तलावाखाली जी झाडी बुडाली आणि पाळीखाली जी झाडी बांध्यांसाठी तुटली, तिच्यात त्यांची शिकार, त्यांची कंदमुळे, त्यांचा मोह होता. पाण्यात उतरायला, मासे धरायला, शिंगाडा लावायला ढिवर होते. बाहेरून आलेल्यांनी कसब आणले. पण हात, जमीन आणि जंगलाची जाण इथल्यांची. स्थलांतराच्या कहाण्या बहुधा येणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. आधीपासून असणाऱ्याचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. कोलू पाटील देव झाला; त्याच्या पाळीवर राबलेल्या गोंडांची आणि ढिवरांची ठाणी नाहीत.

की आहेत? तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. या सात देवतांच्या पायांनी तलाव बांधायला मदत केली अशी श्रद्धा आहे. पाळ तुडवून घट्ट करण्याचे काम मी वर सांगितलेच. ते पायांचेच काम आणि त्यात बायकांचा वाटा नक्कीच मोठा असणार. मी काही लोककथेचा अभ्यासक नाही. पण सात बहिणींचे पाय हे त्या असंख्य बायाबापड्यांच्या पायांची आठवण तर नसेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पाणी अडवणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम ते शहाणपणाने सोडण्याचे. कोहळ्यांच्या तलावाला तुडूम असते, म्हणजे पाणी सोडण्याची उभी रचना. तिला एकाखाली एक भोके आणि ती खुंट्यांनी बुजवलेली. वरची खुंटी आधी काढायची. पाण्याची पातळी तिच्याखाली गेली, की मग खालची. घाई केली तरी तलाव एका दिवसात रिकामा करता येत नाही. जास्तीचे पाणी जायला सलंग असते, म्हणजे सांडवा. ते वाया जात नाही. खालच्या गावच्या तलावात उतरते, तिथून पुढच्या बोडीत. एकाच नाल्यावर तलावांची अशी माळ ओवलेली सापडते. मोठा पाऊस आला तर प्रत्येक तलाव त्याचा थोडाथोडा जोर काढून घेतो. पाणी कोणाच्या बांधीत कधी जाईल हे पाहायला पाणकर असे, आणि त्याला धानाच्या रूपाने मोबदला मिळे. तलावाच्या वरच्या अंगाला पाणी ओसरेल तशी ओलीवर गाळपेर करायची. सर्वांत वर जंगल, मग गाळपेर, मग पाणी, मग पाळ, पाळीखाली ऊस आणि धान, शेवटी हलक्या जमिनीत कोरडवाहू. सगळ्या शिवाराची मांडणी तलावाने ठरवून दिलेली.

ऊस हे कोहळ्यांचे आवडते पीक. त्यासाठी वर्षभर पाणी हवे, म्हणून मोठे तलाव. जुन्या सेटलमेंट अधिकाऱ्यांना कोहळ्यांच्या गावांचे मोठे नवल वाटे. पाटलाच्या शब्दाला मान, सगळ्यांनी मिळून काम आणि कोर्टकचेऱ्यांची फारशी हौस नाही. यात साहेबांचे थोडे भाबडेपण असेल. पाटलाचा शब्द मोडणाऱ्याचे काय होत असे, हे त्यांना कोण सांगणार! पण एका तलावावर पन्नास घरांची भाकर असेल तर माणसे भांडणे आवरती घेतात, हेही तितकेच खरे.

कोलू पाटील गेला आणि काळाच्या ओघात कोलासूर झाला. आपल्याकडे माणसाला देव करून टाकले की त्याच्याकडून शिकण्याचे ओझे उतरते. मात्र इथे तसे झाले नाही. देवाचे ठाणे कालव्याशी आहे. ज्याला पाणी हवे त्याला त्याच्याजवळून जावेच लागते.

राजवटी बदलत गेल्या. १७५१ च्या सुमारास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचेही राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढच्या दशकात त्यांनी जमाबंदी करताना गावोगावच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क दिले. तलावही मालगुजाराचे झाले. जुलूम वाढला, वेठबिगार वाढली, यात शंका नाही. पण पाळीची डागडुजी, तुडुमाची सफाई ही मालगुजाराची जबाबदारी होती आणि तलाव फुटला तर त्याचाही ऊस वाळत होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, तेव्हा पाण्याच्या सोयीची किंमत सरकारलाही कळली.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५० साली मालगुजारी रद्द करण्याचा कायदा केला. ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिच्याबरोबर पाळीचा धनीही गेला. पुढे हा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शंभर हेक्टरांवरचे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. मासेमारी सहकारी संस्थांकडे, गाळपेर महसूलकडे, कडेचे जंगल वनखात्याकडे. नाव पडले माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचे लाडके संक्षिप्त रूप केले, मामा तलाव. मामा म्हणजे हक्काचा, आणि हक्काच्या माणसाची विचारपूस करायला आपण विसरतो. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव, एकट्या गोंदिया जिल्ह्यात चौदाशेच्या घरात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी या भागात बँकेचा शेती अधिकारी म्हणून फिरत होतो. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता; तो १९९९ साली झाला. मोटारसायकलवरून कर्जाच्या पाहणीला जायचो. थोड्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. कोणाचे पीककर्ज थकेल आणि कोणाचे वेळेवर फिटेल, हे सातबाऱ्यापेक्षा तलावाच्या पाळीवरून अधिक अचूक सांगता येई. पाळ धड, तुडूम चालू, तर हस्ताचा पाऊस चुकला तरी गावाची वसुली होई. पाळीला भगदाड असले की जानेवारीतच त्या गावची माणसे कामाला बाहेर पडलेली असत आणि घरी म्हातारे भेटत. पण पाळीच्या दुरुस्तीला कर्ज द्यायची आमच्याकडे सोय नव्हती. विहिरीला होती, पंपाला होती, कारण ती एका नावावर असते. तलाव कोणाच्या नावावर? मी स्वतः कितीतरी विहिरींच्या आणि पंपांच्या प्रकरणांवर सह्या केल्या. ती फिटलीही. पण ज्याच्या घरी पंप आला त्याचा पाळीकडे जाणारा रस्ता बंद झाला, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

आणि पाळीला दरवर्षी माणूस लागतो. मेमध्ये उंदरांची आणि खेकड्यांची बिळे बुजवायची, खचलेल्या जागी माती टाकायची, पाट उपसायचे, पहिल्या मोठ्या पावसात रात्री कंदील घेऊन पाळीवर फेरी मारायची. काम मोठे नाही, पण त्याच दिवसात करायचे असते आणि दहा-वीस जणांनी मिळून करायचे असते. नेमके ते दहा-वीस जण आता गावात नसतात. रोवण्याला बाया शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशातून येतात, कापणीला हार्वेस्टर थेट पंजाब-हरियाणातून आपल्या माणसांसकट येतो. जमीन ठेक्याने दिलेली. ठेकेदार एका वर्षाचा. तो शेजारच्या पाळीत टोपलीभर माती कशाला टाकील? उसाचे मळे कमी झाले. ज्याच्याकडे बोअर आहे तो उन्हाळी धान घेतो आणि जमिनीखालचे पाणी उपसतो. ज्याच्याकडे नाही त्याची बांधी पावसाळ्यानंतर रिकामी. तलावात गाळ साचला, बेशरम माजली, कडेला अतिक्रमणे झाली.

हे सारे अशा वेळी, की पाऊस पूर्वीपेक्षा अधिक लहरी झाला आहे. पडला तर एका दिवसात महिन्याचा पडतो, नाही तर दडी मारतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारा, गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत सर्वांनी पाहिला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच महामार्गावरून हजारो मजूर उपाशीपोटी, पायी घराकडे चालत गेले होते. शहराने हात झटकले की गावच आठवते, आणि त्या वेळी गावात पाणी असले तर बरे असते.

गाळ काढण्याच्या सरकारी योजना झाल्या, होत आहेत. जलयुक्त शिवार झाली, गाळमुक्त धरण झाली. पण यंत्राने खोल खणले की तलावाचा तळ फुटतो, चिकट थर निघून जातो आणि काठ कड्यासारखे उभे राहतात. ते ढिवरांनी आधी ओळखले. उथळ काठावर जे देवधान, पोवन, गाद, चिला वाढते, त्यातच देशी मासे अंडी घालतात, त्यातच पक्षी राहतात. काही गावांच्या मासेमार संस्थांनी आणि त्यातल्या बायांनी गेल्या काही वर्षांत बेशरम उपटून काढली, काठ नांगरला आणि या वनस्पती हाताने रोवल्या, अगदी धानाचे पऱ्हे रोवावे तशा. अशा तलावांत मरळ, शिंगी परत दिसू लागली. मासळी वाढली तसा चार पैशांचा आधार झाला. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यातच उरला आहे, आणि तो याच बांध्यांच्या आणि बोड्यांच्या आसऱ्याने.

नवेगावबांधचे नशीब त्यातल्या त्यात बरे. इथले माधवराव पाटील डोंगरवार हे जंगल आणि पक्षी यांचे चालतेबोलते कोश होते. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याला त्यांच्या सहवासाचा मोठा लाभ झाला आणि मराठी वाचकाला या तलावाची ओळख झाली. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तलावाच्या वरचे जंगल राहिले, म्हणून येणारे पाणीही राहिले. याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिच्या नजीक इटियाडोहचे मोठे धरण. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला जागा देण्याची या मुलखाची जुनी सवय अगदी परवापर्यंत टिकून होती.

गेल्या मे महिन्यात मी नवेगावला जाऊन आलो. पाण्याची कड बरीच आत सरकली होती. मधल्या ओलीवर कोणीतरी काकडी लावली होती. कोलासुराच्या ठाण्यापाशी सावलीत दोन म्हातारे बसले होते. एकाचा मुलगा नागपुरात, दुसऱ्याचे दोन हैदराबादेत. या वर्षी पाटातला गाळ कोण काढणार, यावर त्यांचे बोलणे चालले होते. एकाने मुलाला चार दिवसांची रजा घ्यायला सांगितले होते. दुसऱ्याचे मुलगे पैसे पाठवणार होते. त्या पैशात मजूर लावायचे की यंत्र बोलवायचे, यावर दोघांचे एकमत होईना. यंत्र स्वस्त पडत होते, पण त्याने पाट रुंद होऊन कड ढासळेल अशी भीती होती. मृग तीन आठवड्यांवर आला होता.